खुर्ची त्याला, पट्टे तिला

ताईला आपल्या भावाचं तोंड दर गुरुवारी बघावं लागे, आणि तेही आईच्या डोक्यावरून. गुरुवारी सकाळी आईला वरच्या मजल्यावरून खाली आणून गुडघ्यांच्या दवाखान्यात न्यायचं असे. इमारतीला लिफ्ट नव्हती. आईला खुर्चीत बसवून उतरवायला चौघं लागत. त्यातली दोन माणसं ताईच्या बाजूची, दोन भावाच्या. चौघं पट्ट्यांची टोकं खांद्यावर घेत, "हं" म्हणत आणि उतरायला लागत. ताई आणि तिचा भाऊ एकमेकांसमोर तेवढा "हं"च उच्चारत, आणि तोही एकमेकांना उद्देशून नसे.

बाकीचं बोलणं आईमार्फत चाले.

"आई, तुझ्या मुलाला सांग, आपण जिना उतरतोय. चाल करून जात नाहीये."

"आई, तुझ्या लेकीला सांग, चाल करून जाताना असली माणसं मी मागे ठेवली असती."

"ती म्हणते सावकाश," आई सांगे. "तो म्हणतो बरं."

टेलिफोन एक्स्चेंज म्हणून आई उत्तम होती. वाटेत निम्मं गाळायची.

भावाला सगळी गल्ली कर्नल म्हणायची. सैन्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तो गाद्या विकायचा, आणि दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला गादीकडे बोट दाखवून "झोपा!" असा हुकूम सोडायचा. माणसं घाबरून झोपत, आणि उठल्यावर घाबरूनच गादी विकत घेत. ताईचं कोपऱ्यावर कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. चेन बदलणं, पँट आखूड करणं, पोट सुटलेल्यांना थोडी कमर सोडून देणं. माणसाकडे बघताना तिची नजर आधी शिवणीवर जायची. भावाकडे बघितलं की तिला सगळीकडून उसवलेलं दिसायचं.

एके काळी दोघांचं मिळून एकच मंडळ होतं. आधार मंडळ. लिफ्ट नसलेल्या घरांतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना, प्लॅस्टर घातलेल्यांना, नुकतंच ऑपरेशन झालेल्यांना खुर्चीत बसवून खाली आणायचं, काम झालं की वर पोचवायचं. फुकट. खुर्ची कर्नलने आणली होती. हात असलेली, जाड लाकडाची, आणि मागे टेकायला त्याच्या दुकानातला फोमचा तुकडा लावलेली. पट्टे ताईने शिवले होते. चार पदरी, दुहेरी टाक्याचे, बैलसुद्धा उचलता येईल असे. पट्टे खुर्चीखालून ओवायचे आणि टोकं खांद्यावर घ्यायची, एवढी साधी युक्ती. गल्लीत त्यांचं नाव झालं. लोक त्यांना दुवा देत, चहा देत आणि आपले जड नातेवाईक देत.

मग तोंडाचा प्रश्न निघाला.

उतरताना बसलेल्या माणसाचं तोंड कुठे असावं? कर्नलचं म्हणणं, पुढे. माणूस ताठ मानेने आपल्या जिन्यावरून उतरला पाहिजे, कुठे चाललोय ते त्याला दिसलं पाहिजे. ताईचं म्हणणं, पाठ पुढे. खाली तो उभा उतार दिसला की धडधाकट माणसाच्या पोटात गोळा येतो, म्हाताऱ्यांना कशाला दाखवायचा? दोघांकडे पुरावे होते. पियानो शिकवणाऱ्या बाईंना कर्नलने तोंड पुढे करून उतरवलं, तेव्हा त्या वरपासून खालपर्यंत एकाच सुरात किंचाळल्या होत्या. निवृत्त स्टेशनमास्तरांना ताईने पाठ पुढे करून उतरवलं, तेव्हा ते ताईच्या अंगावर ओकले होते. त्यानंतर स्टेशनमास्तर भेटले की ते कुठल्या बाजूचे आहेत ते कर्नल त्यांना आधी विचारून घ्यायचा.

भांडण वाढत वाढत एका बैठकीत कर्नल ताईला "हुकूमशहा" म्हणाला आणि ताईने त्याला "गादीवाला" म्हटलं. हे दुसरं खरं असल्यामुळे जास्त लागलं. मंडळ फुटलं. कर्नलच्या मंडळाचं नाव 'मूळ आधार मंडळ', ताईच्या मंडळाचं 'खरं आधार मंडळ'. वाटणी करायला आईला बसवलं. आई पलंगावर बसून दोघांचं ऐकत राहिली, दोघांचं ऐकून झाल्यावर तिने पाणी मागितलं, आणि पाणी पिऊन म्हणाली, "खुर्ची त्याला. पट्टे तिला. ज्याचं त्याला."

यात नाव ठेवायला जागा नव्हती. कर्नल खुर्ची घेऊन गेला, ताई पट्टे. आणि दुसऱ्याच दिवशी दोन्ही मंडळांच्या लक्षात आलं की पट्ट्यांशिवाय खुर्ची म्हणजे फर्निचर, आणि खुर्चीशिवाय पट्टे म्हणजे नुसते पट्टे.

दुसरी खुर्ची ताईला मिळाली नसती असं नाही. पण कर्नलसारखी खुर्ची शोधणं म्हणजे त्याचं बरोबर होतं असं कबूल करणं. कर्नललाही कुठून तरी पट्टे मिळाले असते, त्याचंही तेच. तेव्हा दोन्ही मंडळं एकत्रच जात, एकमेकांकडे पाठ करून उभी राहत, आणि तोंडाच्या प्रश्नावर तोडगा म्हणून माणसाला आडवं नेत. आडवं म्हणजे झोपवून नाही. बसवूनच, पण तोंड भिंतीकडे. पुढेही नाही, मागेही नाही. त्यांच्या गल्लीतले जिने ऐसपैस होते, जमून जायचं. गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना आपापल्या जिन्याच्या भिंती पाठ झाल्या.

आईलाही झाल्या असाव्यात. "अगं, त्या खालच्या वळणावर ओल आलीय बघ," ती एका गुरुवारी म्हणाली, "अगदी उंटासारखी."

त्या दिवशी आईला पोचवून आल्यावर कर्नल परत जाऊन बघून आला. पुढच्या गुरुवारी म्हणाला, "आई, अगदी उंट आहे. मान, कुबड, सगळं."

मग ताईलाही जाऊन बघणं भाग पडलं. "आई, तुझ्या मुलाला सांग, ती किटली आहे. तोटी स्पष्ट दिसते."

"उंट."

"किटली."

"तो म्हणतो उंट, ती म्हणते किटली," आईने जिन्याला सांगितलं. तेव्हापासून प्रत्येक गुरुवारी त्या वळणावर सगळे थांबत, बघत आणि आणखी चिडून पुढे जात. ताईच्या बाजूने खांदा देणारा बेकरीवाला मनातून उंटाच्या बाजूचा होता, पण नोकरी जाईल अशा भीतीने बोलत नसे. नोकरी नव्हतीच, सगळं फुकट होतं, तरी भीती होती.

अशात शहराच्या समाजसेवा विभागातून ताईला फोन आला. आपापल्या वस्तीची सेवा करणाऱ्या स्वयंसेवी मंडळांचा सन्मान होणार होता.

"आणि आधार मंडळाला यंदा विशेष पुरस्कार," फोनवरच्या मॅडम म्हणाल्या. "जिना चढणारी खुर्ची. पट्ट्याची चाकं, बॅटरीवर चालते. एकच माणूस बटण दाबून कुणालाही वर-खाली नेऊ शकतो."

ताई शिवणयंत्राच्या स्टुलावर बसली. "एकच माणूस?"

"एकच."

"दुसरं कुणीच लागत नाही?"

"अजिबात नाही."

आयुष्यात पहिल्यांदा ताईला सरकारबद्दल माया दाटून आली. ती खुर्ची मिळाली की संपलं. गुरुवार तिचा, आई तिची, जिना तिचा. कर्नलचं तोंड आईच्या डोक्यावरून काय, कुठूनच बघायला नको.

"मूळ की खरं?" तिने विचारलं.

"काय?"

"आधार मंडळ. मूळ की खरं?"

फोनवर कागद चाळल्याचा आवाज आला. "इथे नुसतं आधार लिहिलंय," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही एकच आहात ना?"

"आम्ही एकच आहोत," ताई म्हणाली, आणि तिला 'आम्ही' म्हणजे काय म्हणायचं होतं ते स्पष्ट होतं. चौकशी केल्यावर कळलं की कर्नललाही फोन आला होता आणि त्यानेही हेच उत्तर दिलं होतं, तेवढ्याच प्रामाणिकपणे.

मॅडमनी आणखी एक कल्पना लढवली होती. पुरस्कार मंडळाच्या पहिल्या लाभार्थी आजींच्या हस्ते द्यायचा. पहिली लाभार्थी म्हणजे आई. म्हणजे खुर्ची कुणाच्या हातात जाणार ते आईच्या हातात होतं. आईला आजवर कधी आलं नसेल इतकं सूप त्या आठवड्यात आलं. ताई सूप घेऊन जिना चढायची तेव्हा कर्नल रिकामं भांडं घेऊन उतरत असायचा. दोघं एकमेकांच्या भांड्यात डोकावून बघत आणि नाक मुरडत.

"आई, तू काय ठरवलंस?" ताईने विचारलं.

"सूप जरा आळणी आहे," आई म्हणाली.

समारंभाच्या दिवशी सभागृहाशी पोचल्यावर पहिली बातमी मिळाली की लिफ्ट बंद आहे. व्यासपीठासाठी आणलेली फुलांची घडीची कमान लिफ्टमधून वर न्यायचा कुणीतरी प्रयत्न केला होता, ती आत उघडली होती, आणि आता लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये फुलून बसली होती. सभागृह वरती होतं.

"अहो, बरंच झालं की!" मॅडम जिन्याच्या तोंडाशी टाळ्या वाजवत म्हणाल्या. त्यांच्या हातात माइक होता आणि अंगात उत्साह. "तुम्ही आजींना उचलून आणा. प्रेक्षकांना तुमचं काम प्रत्यक्ष बघायला मिळेल. बहीण-भाऊ, खांद्याला खांदा लावून! किती सुंदर!"

"आमचे खांदे एकमेकांना लागत नाहीत," ताई म्हणाली. "मध्ये आई असते."

मॅडम हसल्या. त्यांना तो विनोद वाटला.

कर्नलने खुर्ची ठेवली. ताईने पट्टे काढले. ते ओवताना दोघांची बोटं एकमेकांना लागली तशी दोघांनी आपापली बोटं कपड्याला पुसली. आई बसली. खालच्या अंगाला कर्नल आणि त्याचा वायरमन मित्र, वरच्या अंगाला ताई आणि बेकरीवाला. "हं." पहिला टप्पा रुंद होता. आई भिंतीकडे तोंड करून व्यवस्थित वर गेली. मग वळण आलं, आणि वळणावर चौकोनी जागा, आणि तिथून वरचा जिना निमुळता. इतका की आडवी खुर्ची घातली तर आईचे गुडघे भिंतीला आणि खुर्चीची पाठ कठड्याला.

त्यांनी घालून बघितली. गुडघे भिंतीला, पाठ कठड्याला.

"ठेवा," ताई म्हणाली. खुर्ची वळणावर टेकवली.

आता आईचं तोंड एक तर पुढे करायला हवं होतं, नाही तर मागे. पट्टे काढून पुन्हा ओवायला पाच मिनिटं पुरली असती. आणि इतका वेळ सांभाळून ठेवलेलं भांडण त्या निमुळत्या जिन्याने असं चव्हाट्यावर आणून ठेवलं.

"आई, तुझ्या मुलाला सांग, पाठ पुढे."

"आई, तुझ्या लेकीला सांग, आपण चढतोय. चढताना उतार मागे असतो. तिच्या हिशोबाने तोंड पुढे यायला पाहिजे. आता बोल म्हणावं."

ताईने जिन्याकडे वर बघितलं. हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. तिच्याच तत्त्वाने चढताना आईचं तोंड जिन्याकडे, म्हणजे पुढे यायला हवं होतं. पण ते कर्नलने म्हटलं होतं.

"आई, त्याला सांग, मग त्याचं काय? माणसाला ताठ मानेने सगळं दिसलं पाहिजे ना? मग वरून सगळं दिसेल असं बसव की तिला, तोंड खालच्या बाजूला करून!"

"मी तोंड पुढे म्हणतोय, कायम पुढे!"

"मग मी पाठ पुढे म्हणतेय, कायम!"

"म्हणजे तिला उतार दाखवणार? तुझंच तत्त्व मोडून?"

"माझं तत्त्व आहे, माझ्या हाताने मोडीन!"

बेकरीवाल्याने वायरमनकडे बघितलं. दोघं इतकी मोठी भांडणं बघून आले होते, पण ही दोघं एकमेकांशी थेट बोलतायत हे मंडळ फुटल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. खुर्चीत मध्ये आई होती, पण एक्स्चेंजचं काम उरलं नव्हतं.

वर कार्यक्रम सुरू झाला. जिन्यात लाउडस्पीकर होता. "मांजर शोध पथक!" मॅडमचा आवाज घुमला. "हरवलेली मांजरं शोधून त्यांच्या घरी पोचवणारे!" टाळ्या. "आणि आता ज्यांची आपण सारे वाट बघतोय, ते एकजुटीचं मूर्तिमंत उदाहरण..."

"गादीवाला!" ताई ओरडली.

"हुकूमशहा!" कर्नल ओरडला.

जिन्यात आवाज चांगला घुमायचा. वर टाळ्या जरा अडखळल्या.

मग वरून कुणीतरी हळूहळू उतरत आलं. काळा कोट, शांत चेहरा, छातीशी सन्मानचिन्ह. ज्यांच्या मागे कुणी नाही अशांच्या अंत्ययात्रेला जाऊन खांदा देणाऱ्या मंडळाचे ते प्रमुख होते. गल्ल्यागल्ल्यांतून त्यांना शेवटचे काका म्हणत. त्यांच्या मागे त्याच मापाचे तिघं.

"अडचण आहे वाटतं," शेवटचे काका मऊ आवाजात म्हणाले. त्यांनी वळण बघितलं, जिना बघितला, आणि मग आईकडे बघितलं. सराईत नजरेने, डोक्यापासून पायापर्यंत. "आमचं रोजचंच आहे हो हे. वळणं म्हणजे आमच्या हातचा मळ. आम्ही न्यायचं का?"

"तुमच्यात तोंड कुठे असतं?" कर्नलने विचारलं.

"वर," शेवटचे काका म्हणाले. "पाय पुढे."

"अजून वेळ आहे," आई म्हणाली.

"घाई नाही," काका म्हणाले, आणि खरोखरच कडेला उभे राहिले. तिघंही राहिले. त्यांना थांबायची सवय होती.

तोवर वरची माणसं जिन्यात यायला लागली होती. मांजर शोध पथक कठड्यावरून वाकून बघत होतं. फोटोग्राफरने दोन पायऱ्या आधीच अडवल्या. शेवटी खुद्द मॅडम माइक हातात घेऊन उतरल्या. माइकची वायर त्यांच्यामागे जिना उतरत आली. त्यांचा चेहरा आता तेवढा उत्साही नव्हता.

"काय चाललंय? सगळं सभागृह थांबलंय!" हे वाक्य लाउडस्पीकरवरून सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं.

"तोंड कुठे करायचं ते ठरत नाहीये," बेकरीवाला म्हणाला.

"कुणाचं तोंड?"

"आजींचं."

मॅडम खुर्चीपुढे वाकल्या. "आजी, तुम्हाला कसं बरं पडतं? जिन्यात तुम्हाला काय बघायला आवडेल?"

"मी?" आई म्हणाली. "मी बाई डोळे मिटूनच बसते."

कठड्यावरचं मांजर शोध पथक आणखी वाकलं.

"कायम?" कर्नल म्हणाला.

"पहिल्या दिवसापासून. या दोघांच्या भरवशावर जिना उतरायचा, तो काय डोळे उघडे ठेवून?"

"मग..." ताईचा आवाज चिरका आला. "मग तो उंट?"

"कसला उंट?"

"वळणावरचा! ओल! आम्ही दर गुरुवारी तिथे थांबतो!"

"हां, तो. मला काय माहीत तिथे काय आहे. तुम्ही दोघं तोंडात मिठाची गुळणी धरून उतरता, कुणीतरी काहीतरी बोलायला नको? मी म्हटलं उंट. हा जाऊन उंट बघून आला, तू जाऊन किटली बघून आलीस." आईने पदर सारखा केला. "मला वाटलं, भिंत चांगली असेल."

बेकरीवाल्याला हसू आवरेना. त्याने ते खोकल्यात घातलं. कर्नलने त्याच्याकडे बघितलं, मग बहिणीकडे बघितलं, मग दोघांनी पटकन दुसरीकडे बघितलं.

"उरकून घेऊ," मॅडम घड्याळाकडे बघत म्हणाल्या. "इथेच करू. जिना म्हणजेच तर तुमचं व्यासपीठ!" हे त्यांना तिथल्या तिथे सुचलं आणि आवडलं. त्यांनी ते माइकवर पुन्हा म्हटलं. वर टाळ्या पडल्या.

दोन शिपाई पुरस्कार घेऊन खाली आले. काळी चकचकीत खुर्ची, खाली रणगाड्यासारखे रबरी पट्टे. कर्नलच्या डोळ्यांत आपल्या मालकीचा रणगाडा मिळाल्याची चमक आली. एक शिपाई बॅटरी वेगळी घेऊन आला होता. डब्याएवढी, वर कडी.

"ही लावली की चालते," शिपाई म्हणाला. "आत्ता नाही चालणार. चार्ज करायची राहिलीय."

"म्हणजे जिना चढणारी खुर्ची तुम्ही उचलून आणलीत?" वायरमनने विचारलं.

"नाही तर काय," शिपाई म्हणाला. "भलती जड आहे."

मॅडमनी माइक आईच्या तोंडाशी धरला. फोटोग्राफर सरसावला. ताई खुर्चीच्या उजवीकडे सरकली, कर्नल डावीकडे. सगळा आठवडा सूप पाजणारी ती दोघं, आणि मध्ये आई. ताईने मनातल्या मनात आईचे सगळे उपकार आठवले आणि त्यांच्यात आणखी एकाची जागा करून ठेवली. एकदा आई बोलली की आटोपलं. गुरुवारी ती एकटी येईल, बटण दाबेल, आणि हा गादीवाला तिकडे दुकानात कुणाला झोपवायचं ते झोपवत बसेल. त्यानं परत ती पायरी चढायचं कारणच उरणार नाही.

आईने पाणी मागितलं.

ताईने चमकून मान वळवली. हे पाणी तिने आधी कुठेतरी बघितलं होतं.

आई पाणी प्यायली, तिने ग्लास मॅडमच्या हातात दिला, आणि माइकमध्ये म्हणाली, "खुर्ची त्याला. बॅटरी तिला."

टाळ्यांचा कडकडाट झाला. वरच्या लोकांना वाटलं काहीतरी हृद्य घडलं. शिपायाने खुर्ची कर्नलपुढे सरकवली आणि बॅटरीची कडी ताईच्या हातात दिली. ताईचा खांदा एकदम खाली गेला.

"आई!" ताई म्हणाली. "असं कसं? बॅटरीशिवाय खुर्ची चालत नाही!"

"हो का?" आई म्हणाली.

"खुर्चीशिवाय बॅटरीचं मी काय करू? शिवणयंत्राला लावू?"

"आई, हे सरळ चुकीचं आहे," कर्नल म्हणाला. "तू वाटणी करतेस की आम्हाला बांधून घालतेस?"

हे बोलून तो थांबला. ताईही त्याच्याकडे बघत राहिली. एखाद्या जुन्या कोटाचं अस्तर उसवावं आणि आतून कुणाची तरी पक्की, मुद्दाम घातलेली शिवण निघावी तसं झालं. पलंग. पाणी. ज्याचं त्याला. तेव्हाही यात नाव ठेवायला जागा नव्हती.

"तेव्हाही मुद्दाम केलंस?" ताईने विचारलं. "पट्टे आणि खुर्ची. तेव्हाही?"

आईने डोळे मिटून घेतले.

"आई, मी तुझ्याशी बोलतेय!"

"जिना आलाय ना," आई डोळे न उघडता म्हणाली. "उतरवा आता. गुडघे दुखतायत."

"म्हणजे आता दर गुरुवारी..." कर्नल म्हणाला, आणि त्याने खुर्चीकडे, मग बॅटरीकडे बघितलं.

"ही बया आपल्याला मरेपर्यंत सोडायची नाही," ताई म्हणाली. आई ऐकत होती. तिला ऐकू जावं म्हणूनच म्हटलं होतं. पण 'आपल्याला' हा शब्द तोंडातून निसटून गेल्याचं ताईच्या लक्षात आलं, आणि तिला स्वतःचाच इतका राग आला की तिने बॅटरी बेकरीवाल्याच्या पायावर ठेवली.

खाली जायचं म्हणजे रुंद टप्पा, म्हणजे आडवं. जुन्या खुर्चीखालचे पट्टे तसेच होते. चौघांनी टोकं घेतली. नवी खुर्ची कोण नेणार हा प्रश्न होता; बॅटरी तिच्यावर ठेवून ती शेवटच्या काकांनी आणि त्यांच्या तिघांनी न बोलता उचलली आणि सवयीने पाय पुढे करून चालू लागले. त्यांच्या मागोमाग, हळूहळू, खाली मानेने, सगळी मंडळी उतरू लागली. जिन्याखाली उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसाने टोपी काढली.

"बॅटरी चार्ज करून आण," कर्नल म्हणाला. आईच्या डोक्यावरून, पण थेट.

"तू खुर्ची वेळेवर आण. मागच्या गुरुवारसारखी वाट बघायला लावलीस तर बॅटरी घेऊन सरळ घरी जाईन."

"नेऊन बघ."

"नेऊन दाखवीन. आणि तोंड पुढे करायचं नाही, सांगून ठेवते."

"मशीनमध्ये बसल्यावर तोंड कुठे येतं ते मशीन ठरवतं."

"मशीनला मी बघून घेईन."

मध्ये आई भिंतीकडे तोंड करून, डोळे गच्च मिटून बसली होती. अर्ध्या जिन्यात तिने मान जराशी तिरकी केली.

"अगं," ती म्हणाली, "इथेही एक उंट आहे बघ."

चौघं थांबले. ताईने बघितलं. समोर स्वच्छ, नुकताच रंग दिलेला, कोरा पांढरा भिंतीचा तुकडा होता. ओल नाही, डाग नाही, भेग नाही. कर्नलही मान वाकडी करून तिथेच बघत होता. बराच वेळ बघत होता.

"आहे की," तो म्हणाला. "मान स्पष्ट दिसते."

"डोळे तपास," ताई म्हणाली. "किटली आहे."